आप्पांचे नारळ आणि आखातातला वायू

आमच्या घरातली नारळाची रीत आधी सांगायला हवी, नाहीतर आखातातल्या वायूचं पुढचं सगळं अधांतरी राहील. माझे विद्यार्थी म्हणायचे, मॅडम मूळ मुद्द्यावर यायला फार वेळ लावतात. लावते. मूळ मुद्दा कुठे पळून जात नाही.

माझं माहेर शिरूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, भीमेच्या काठावर. पूल ओलांडला की दौंड तालुका लागतो. आम्ही धनगर. आजोबांच्या काळात घरात जमीन नावापुरती आणि मेंढरं मायंदाळ होती. माघापासून रानं मोकळी व्हायला लागली की दोन्ही तालुक्यांतले बागाईतदार आजोबांना मेंढरं बसवायला बोलवायचे. बसवायची म्हणजे दिवसभर चरून आलेला कळप संध्याकाळी त्यांच्या रानात आणायचा, त्याच्याभोवती वाघर, म्हणजे दोरीची जाळी, लावायची आणि तिथेच मुक्काम करायचा. सकाळपर्यंत लेंड्या-मुताने तेवढा तुकडा खतवून निघायचा. दुसऱ्या दिवशी वाघर पुढे सरकायची. अख्खं रान असं झालं की पुढच्या बागाईतदाराकडे. बदल्यात घरी बाजरी यायची, वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावर, जेवण यायचं, आणि मान मिळायचा तो वेगळाच.

हे बोलावणं तोंडी चालत नसे. ज्याला मेंढरं हवीत त्याने नारळ घेऊन आमच्या घरी यायचं आणि तो देवाच्या कोनाड्यात ठेवायचा. नारळ ठेवला की शब्द झाला. मेंढरं त्याच्या रानात शिरताना तोच नारळ बांधावर फोडायचा. आणि कोनाड्यात न फोडलेला नारळ असेपर्यंत कळप विकायचा नाही, वाटायचा नाही, कमी करायचा नाही. मेंढरं त्या माणसाची अर्धी झालेली असतात, असं आजोबा म्हणत. एकदा भाऊबंद वाटणी मागायला आले तेव्हा आजीने नुसतं कोनाड्याकडे बोट दाखवलं होतं. मंडळी चहा पिऊन परत गेली.

आजोबांना दोन मुलगे. थोरले माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो. धाकटे चुलते, आप्पा. आबा शाळेत गेले तेव्हा वर्गातली पोरं मेंढरांचा वास येतो म्हणून नाक दाबायची. आबांनी तेव्हाच मनाशी काहीतरी ठरवलं असणार, कारण जाणते झाल्याबरोबर त्यांनी काठी आप्पांच्या हातात दिली आणि स्वतः नांगर धरला. मी शाळेत असताना कॅनॉलचं पाणी आलं. माळाचं रान झालं, रानाचा मळा झाला, आणि मळ्यात गोणी आली.

गोणी म्हणजे युरियाची. त्या पांढऱ्या गोणीवर आबांचा जेवढा जीव होता तेवढा आम्हा पोरांवरही नव्हता, असं आई म्हणायची. मूठभर फेकलं की आठवड्यात पिकाचा रंग बदलतो, हे बघून ते लहान मुलासारखे खूश व्हायचे. रिकामी गोणीसुद्धा वाया जात नसे. आई तिची पावसाळ्यासाठी खोळ करायची, बाजाराची पिशवी शिवायची, गोठ्याला पडदा लावायची. माझं पहिलं दप्तर त्याच गोणीचं होतं आणि त्यावर हमालांसाठी 'हूक वापरू नये' असं छापलेलं होतं. ते वाचून मास्तर मला हूकवाली म्हणायचे. मला राग यायचा, आणि मी तो लपवत नसे.

गोणी आली तसे नारळ कमी झाले. बागाईतदारांचं काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मेंढरं बसवायची तर रान मोकळं ठेवावं लागतं, वाड्यावर भाकरी पोचवावी लागते, तारीख पाळावी लागते. गोणी दुकानातून आणली की झालं. कॉलेजात मी हेच पुढे शिकवलं. एका वस्तूऐवजी दुसरी चालत असेल तर त्या पर्यायी वस्तू, एक स्वस्त आणि सोयीची झाली की दुसरीची मागणी घटते. पुस्तकात उदाहरण चहा आणि कॉफीचं होतं. आमच्या दौंडच्या पोरांनी कॉफी कुणाच्या लग्नातच प्यायली असेल तर असेल.

मी अकरावीत होते तेव्हा आखातात युद्ध पेटलं. रॉकेलच्या रांगा लांबल्या, डिझेलसाठी पंपावर ट्रॅक्टर उभे राहिले, आणि आमच्या गावाला येणारी एसटी अधूनमधून दांडी मारायला लागली. पारावर रोज रेडिओ लागायचा. विहिरी कुणाच्या, लढाई कशाची, हे कुणालाच धड कळत नव्हतं, पण मोठमोठ्याने भांडण मात्र व्हायचं. तिकडे कुठेतरी वाळवंटात काहीतरी होतं आणि इकडे माझी एसटी येत नाही, हा काय प्रकार आहे, या रागापोटी मी अर्थशास्त्र घेतलं. लोक मोठी मोठी कारणं सांगतात. माझं कारण एसटी होतं.

पुढे मी दौंडला एका कॉलेजात लागले. लग्नही दौंडच्याच माणसाशी झालं. नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. त्याला बोलायची हौस नाही, पण कोणती मालगाडी लागली हे जेवताना सांगितल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. "आज खताची रेक लागली," "आज सिमेंटची." नव्या नवरीच्या कानावर हेच पडलं. आधी वाटलं, कुठे येऊन पडले. नंतर त्याची सवय झाली, आणि त्यानंतर त्याची गरज लागली.

आप्पांकडे मात्र मी दर रविवारी जमेल तसं जायचीच. दौंडहून केडगाव, चौफुला करत गाडी पुलापलीकडे पोचली की माळावर आधी आप्पांचं मुंडासं दिसायचं आणि मग मेंढरं. युरिया वायूपासून होतो हे मी त्यांना एका रविवारी सांगितलं. जमिनीखालून वायू काढतात, त्यातून आणि हवेतून हे खत तयार होतं, आणि आपल्याला पुरेसा वायू नसल्याने तो किंवा आयतं खत आखातातून जहाजाने येतं. आप्पा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते.

"म्हंजी वाऱ्याचं खत," ते म्हणाले.

"तसंच काहीसं."

"आन् वारा कुणाचा?"

"ज्याच्या जमिनीखाली सापडला त्याचा. ती दहा-बारा राष्ट्रं एकत्र बसून किती काढायचं, किती नाही ते ठरवतात. तेलाचं तर उघडच. तेलाचा भाव चढला की वायूचा चढतो."

"व्हय, म्हंजी तिकडं बी कुणीतरी वाघर लावून बसलंय. सोडंल तवा सुटायचं." मग स्वतःच्या विनोदावर ते इतके हसले की जवळची मेंढी दचकली.

त्या दिवसांत हसण्यासारखं त्यांच्याकडे फार नव्हतं. गुडघे कुरकुरत होते. त्यांच्या मुली सासरी सुखात होत्या, पण मेंढरांमागे येणारं घरात कुणी उरलं नव्हतं. काकी आणि ते, दोघंच. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात कोनाड्यात एकच नारळ आला, तोही एका म्हाताऱ्या पाव्हण्याने जुन्या ओळखीखातर ठेवलेला. नारळ नाही म्हणजे मेंढरांना रान नाही. बहुतेक सगळा माळ आता मळा झालेला. कळप चारायचा कुठे?

पुढच्या वर्षी माघात आबांनी विषय काढला. मी त्या रविवारी तिथेच होते. सगळे पडवीत जेवायला बसलो होतो.

"औंदा मेंढरं इकून टाकू," आबा म्हणाले. "त्यो व्यापारी कवाचा मागं लागलाय. तू आता घरी बस. गुडघ्याला आराम दे. दोन म्हशी घेऊ."

 आप्पांनी ताटातली भाकरी चार बोटांनी मोडली आणि तशीच ठेवून दिली. काकीने माझ्याकडे बघितलं. आबांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांना भाऊ सावलीत बसलेला बघायचा होता. पण मेंढरं गेली तर आप्पा सावलीत बसून नेमकं काय करतील, हे त्यांनी मनातसुद्धा आणलं नव्हतं. मला चीड आली.

"आत्ता विकू नका," मी म्हणाले. "यंदा खताची बोंब होणार आहे."

"कोण म्हन्तं?"

मी पेपरातलं सांगितलं. तेलाचा भाव कधी नव्हे इतका चढत चाललाय. त्याच्यामागे वायू, त्याच्यामागे खत. चीन स्वतःचं खत बाहेर जाऊ नये म्हणून निर्यातीवर कर वाढवायच्या गोष्टी करतोय. आपल्याकडे गोणीवरचा भाव सरकारने बांधून दिलेला, त्यामुळे जगात भाव चढला तरी आपल्या गोणीचा चढत नाही. मग कंपनीला परवडत नाही, जहाज दुसऱ्या बंदराला वळतं, आणि भाव आहे तिथेच राहून गोणीच गायब होते. मी असं तावातावाने बोलले की आईने मध्येच पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पेपरात लई काय काय येतंय," आबा म्हणाले. पण भावाच्या ताटातली मोडलेली भाकरी त्यांनीही बघितली असावी. "बरं. आकितीपत्तूर थांबू. तवर नारळ आला तर आला. न्हाई आला तर व्यापाऱ्याला सांगावा धाडायचा."

म्हणजे अक्षय्य तृतीया ही मुदत पडली. मेंढरं राहणार की जाणार, हे आता आखात, चीन आणि आमचा कोनाडा यांच्यात ठरणार होतं. मी दौंडला येऊन नवऱ्याला बजावलं की खताच्या रेकची बातमी मला रोज हवी. तो इतका खूश झाला की काय सांगू. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या मालगाड्यांची चौकशी मी पहिल्यांदाच केली होती.

फाल्गुन गेला. रेक येत होत्या, पण पूर्वीपेक्षा उशिरा आणि अर्ध्यामुर्ध्या. चैत्र लागला तशी मालधक्क्यावर शेतकऱ्यांची गर्दी व्हायला लागली. गाडी लागण्याआधीच लोक विचारायला यायचे. इकडे पेपरात तेलाचा भाव रोज नवा उच्चांक करत होता, आणि मी कॉलेजच्या वाचनालयात बसून ती बातमी वाचून गुपचूप हसायची. सगळा देश महागाईच्या नावाने बोटं मोडतोय आणि ही बाई भाव वाढला म्हणून खूश, असं कुणी बघितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. गॅसचा सिलिंडर वेळेवर येईना. मी स्टोव्हवर स्वयंपाक करून डोळे चोळत होते, पण मनातून म्हणत होते, चढू दे, अजून थोडं चढू दे.

मुदत संपायला थोडेच दिवस राहिले असताना पहिला नारळ आला. पलीकडच्या काठचे एक बडे बागाईतदार, ऊस आणि कांदा करणारे. गावात त्यांना सगळे मामा म्हणतात. जीपमधून उतरले, हातात नारळ. कोनाड्यात ठेवला, पाया पडले आणि आप्पांना म्हणाले, "आप्पा, तुमच्या वडलांनी आमच्या रानात मेंढरं बसवली व्हती. मधी आम्हीच इसरलो. आता या म्हन्तो तुम्ही." हे मला काकीने सांगितलं, आणि सांगताना 'तुम्ही'वर तिने असा जोर दिला की मला वाटलं तिला जीपपेक्षा तोच शब्द मोठा वाटला.

मामांचं बघून बाकीचे आले. न्हावऱ्याच्या बाजूचे, नदीपलीकडचे. अक्षय्य तृतीयेला मी गेले तेव्हा कोनाड्यात नारळ मावत नव्हते. काकीने खाली सूप ठेवून त्यात ते रचले होते. आमरसाचं जेवण झालं. आबा सुपाकडे बघत होते आणि सुपारी कातरत होते.

"व्यापाऱ्याला काय सांगायचं?" मी मुद्दाम विचारलं.

"काय सांगायचं म्हंजी? नारळ हायेत," आबा म्हणाले आणि बाहेर गेले.

तो उन्हाळा आप्पांचा होता. एवढं साधं वाक्य लिहितानाही मला बरं वाटतं. गुडघ्यांचं काय झालं ते गुडघ्यांनाच ठाऊक, पण मुंडासं ताठ झालं. दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी कुणाच्या तरी बांधावर नारळ फुटायचा. मामांच्या रानातल्या वाड्यावर तर पुरणपोळ्या आल्या. कळपाबरोबर काकीही होती, तिला लुगडं मिळालं. मी एका रविवारी तिकडे गेले तेव्हा आप्पा बाजेवर बसले होते, मामा खाली धोंड्यावर, आणि विषय चालला होता चीनचा. माझं पडवीतलं सगळं भाषण आप्पांनी जसंच्या तसं उचललं होतं. "त्यांनी जहाज अडीवलं की आपली गोणी अडली," ते मामांना समजावत होते. मला पाहून जरा वरमले, मग म्हणाले, "ही आमची पुतणी. हिलाच इचारा."

आता आबांचं सांगते. घराला लागूनच आमचा बाजरी-कांद्याचा मळा. त्याला खत हवंच होतं. पाच पावलांवर भावाची मेंढरं. पण आप्पा आपणहून मेंढरं घालायचे नाहीत, कारण नारळाशिवाय मेंढरं रानात जात नाहीत. आणि आबा नारळ ठेवायचे नाहीत, कारण स्वतःच्या घरातल्या कोनाड्यात स्वतःच्या धाकट्या भावासाठी नारळ ठेवायचा म्हणजे काय? काठी आपणच त्याच्या हातात दिलेली. आई म्हणाली, ठेवा की एक, कुणी हसत नाही. आबा म्हणाले, शिरूरला खत येतंय, मी आणतो.

ते शिरूरला रांगेत उभे राहिले. बाजारात दुकानापासून रांग रस्त्यावर आली होती, बंदोबस्ताला पोलीस होता. सकाळी गेलेले आबा दिवस मावळता परत आले ते एक गोणी, एक औषधाची बाटली आणि कसलीशी पुडी घेऊन. दुकानदाराने बजावलं होतं की गोणी हवी तर हेही घ्यावं लागेल. याला बाजारात लिंकिंग म्हणतात. बाटलीवर टपोऱ्या द्राक्षांचं चित्र होतं. आमच्याकडे द्राक्षाचा वेल सोडा, मनुकाही दिवाळीलाच यायचा. ती बाटली फळीवर बरीच वर्षं होती. आबांना चिडवायचं असलं की आई नुसती फळीकडे बघायची.

एका गोणीने काय होणार? पुढे पावसाळ्यात बाजरी फिकट निघाली. नदीपलीकडे मामांचं रान काळंभोर दिसत होतं. त्याआधी उन्हाळ्यात एकदा आप्पांच्या गुडघ्याचं तेल घेऊन आबाच मामांच्या रानात गेले होते. आईला ताप होता आणि दुसरं कुणी नव्हतं. परत आल्यावर ओट्यावर टेकले. मग आईला म्हणाले, "त्याला बाजंवर बसिवलं व्हतं. मामा खाली आन् ह्यो बाजंवर." आईला वाटलं, त्यांना वाईट वाटलंय. त्या वेळी मलाही तसंच वाटलं.

शेवटचा नारळ फुटला, मृग लागला, पेरण्या झाल्या. सूप रिकामं होऊन पुन्हा धान्य पाखडायला गेलं. पावसाळाभर मेंढरं घरच्या उरल्यासुरल्या माळावर होती. आणि मग जे व्हायचं तेच झालं. तेलाचा भाव जसा चढला होता त्याहून वेगाने घसरला. अमेरिकेतल्या बँका बसल्या, कारखाने थंडावले, कुणाला तेल नको, वायू नको. जहाजं पुन्हा आपल्या बंदराला लागली. दसऱ्यापासून नवरा जेवताना सांगायला लागला, "आज खताची रेक. आज परत खताची. उतरवायला जागा नाही." एरवी ज्या बातमीवर मी चांगलं म्हणाले असते, ती ऐकून मी आता ताटावरून उठायची. वर्गात फळ्यावर भावाची रेघ खाली काढताना मला फक्त आप्पांचं मुंडासं दिसायचं.

दिवाळीच्या आधी आईचा निरोप आला. व्यापारी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी येणार. आबांनी सांगावा धाडला नव्हता, पण येतो म्हणाला तेव्हा नाहीही म्हटलं नव्हतं.

मी पाडव्यालाच गेले. आमच्याकडे पाडव्याला मेंढरांना ओवाळतात. आप्पांनी त्यांना नदीवर धुऊन आणलं होतं. शिंगांना गेरू लावला होता. काकीने एकेकीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि प्रत्येकीशी काहीतरी बोलली. मला ते बघवेना, म्हणून मी घरात आले. आत कोनाड्याकडे सहज नजर गेली. तिथे एक नारळ होता.

मी आईला विचारलं, कुणाचा? आईने तोंडाला पदर लावला आणि चुलीकडे वळली. हसत होती की रडत होती, कळलं नाही.

व्यापारी ठरल्या दिवशी आला. चांगला माणूस, गोड बोलणारा. चहा झाला, पाऊसपाण्याचं बोलून झालं. मग त्याने आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी कोनाड्याकडे पाहिलं.

"नारळ कुणाचा म्हनायचा?" व्यापाऱ्याने विचारलं.

"हाय एक गिऱ्हाईक," आप्पा म्हणाले. "माघातलं."

"आता? आता तर दुकानात खताची थप्पी लागलीया. कुणी बी देतंय."

"असंल. गिऱ्हाईकाची मर्जी."

आबा खांबाला टेकून छताच्या वाशाकडे बघत होते. त्या वाशाला कधी नव्हे ते काय लागलं होतं कुणास ठाऊक. व्यापारी शहाणा होता. त्याने एकदा या भावाकडे, एकदा त्या भावाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं मग. माघ झाल्यावर येतो."

माघ झाल्यावर! मला तेवढ्यावर समाधान नव्हतं. म्हणजे पुन्हा तीन महिन्यांची मुदत, पुन्हा घोर. तेल तर खालीच होतं. ह्या वेळी आखात मदतीला येणार नव्हतं. आप्पा मला परतीच्या गाडीला सोडायला आले तेव्हा मी हे सगळं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मुदत गिऱ्हाईकानं वाढवली न्हवं? मग त्याच्यावर सोड." एवढंच.

माघात आबांनी मळ्याचं एक रान मुद्दाम मोकळं ठेवलं. मेंढरं घालायच्या दिवशी मी रजा काढून गेले, नवराही आला. त्या दिवशी कोणती रेक लागली हे त्याला ठाऊक नव्हतं, असा तो आयुष्यातला एकमेव दिवस असावा. संध्याकाळी आप्पा कळप घेऊन बांधापाशी थांबले. रीतीप्रमाणे रानाच्या मालकाने पुढे व्हायचं असतं. आबा पुढे झाले. डोक्यावर नवी टोपी होती. धाकट्या भावाला कुंकू लावताना ते नाकावर सांडलं. आप्पांनी ते पुसलं नाही.

"या तुम्ही," आबा म्हणाले.

आयुष्यभर त्यांनी भावाला तू म्हटलं होतं. आप्पांचा चेहरा असा झाला की तिकडे बघावं की नाही ते मला कळेना. त्यांनी घाईघाईने नारळ दगडावर आपटला, पाणी बांधावर सांडलं, आणि मेंढरं आमच्या रानात शिरली. माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच.

मग माझ्या मनात ती दुसरी गोष्ट आली. नारळ फुटला. कोनाडा रिकामा. आता हे रान झालं की व्यापारी यायला मोकळा. आप्पाही खोबऱ्याचे तुकडे हातात घेऊन तसेच उभे होते. वाटायचं विसरले होते.

आबांच्या खांद्याला आईने शिवलेली पिशवी होती. माझ्या दप्तरासारखीच, गोणीची, 'हूक वापरू नये'वाली. त्यांनी तिच्यात हात घातला आणि दुसरा नारळ काढला.

"ह्यो फुडच्या माघाचा," ते म्हणाले. "कोनाड्यात ठीव म्हणावं वयनीला."

वयनी म्हणजे माझी आई; निरोप तिच्यासाठीच असल्यासारखे ते बोलले, पण बघत होते आप्पांकडेच. आप्पांनी नारळ घेतला. दोन्ही हातांनी घेतला.

"लई लवकर आलासा, दादा," ते म्हणाले. "फुडच्या माघाला अजून लई गिऱ्हाईकं येतील."

"म्हनूनच," आबा म्हणाले. "माझा नंबर पहिला लाव."